मधलं अंतर

बडोद्याजवळच्या वढवाणा तलावाच्या बांधावरून पहिल्या हिवाळ्यात काढलेले फोटो बहुतेकांचे सारखेच येतात. मधे करडं पाणी, त्यावर मिरीचे दाणे सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि फोटो काढणाऱ्याची पक्की खात्री की त्यातला एक ठिपका मोठी लालसरी हे बदक आहे. घरी येऊन लॅपटॉपवर तो ठिपका मोठा केला की पिसांच्या जागी चौकोन दिसायला लागतात. मग निष्कर्ष ठरलेला असतो: लेन्स कमी पडली. रावपुऱ्यातल्या दुकानात चौकशी होते, हप्ते किती बसतील याचा हिशेब होतो.

लेन्स कमी पडते हे खोटं नाही. पण त्याआधी कमी करण्यासारखं, वाढवण्यासारखं आणि कधीकधी मुद्दाम तसंच राहू देण्यासारखं काहीतरी असतं, ते म्हणजे अंतर. आपल्यात आणि पक्ष्यात किती अंतर आहे, पक्ष्यात आणि त्याच्या मागच्या झाडीत किती आहे, आणि त्या दोन्ही अंतरांत कसली हवा भरली आहे, एवढं कळायला लागलं की साध्या ७०-३०० मिमी लेन्सचे फोटोही एका हंगामात बदलतात.

हिशेब करून पाहू. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा चित्र टिपणारा सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. त्यावर ३०० मिमीची लेन्स लावून ३० मीटरवर पाहिलं, तर चौकटीत २ मीटर ३५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मावतो. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर, म्हणजे चौकटीचा जेमतेम आठवा भाग. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर आडव्या ६००० पिक्सेलपैकी त्याच्या वाट्याला ७०० च्या आसपास येतात. तोच खंड्या १० मीटरवर आला की पट्टा ७८ सेंटिमीटरचा होतो आणि खंड्याला २१०० पिक्सेल मिळतात. अंतर एक तृतीयांश झालं, पण त्याचं अंग रंगवायला मिळालेले पिक्सेल नऊपट झाले. ६०० मिमीची महागडी लेन्स ३० मीटरचे १५ मीटर करते. उरलेले ५ मीटर तिलाही चालूनच काढावे लागतात.

शिवाय लांबच्या अंतरात एक गोष्ट असते जी कुठलीच लेन्स कापू शकत नाही: हवा. जानेवारीत बडोद्यात सूर्य सव्वासातच्या पुढे उगवतो आणि साडेनवापर्यंत बांधाचे दगड, शेतातली ढेकळं तापायला लागतात. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते. गॅसवरच्या कढईच्या वरून पलीकडची भिंत पाहिली की ती थरथरते ना, अगदी तशी. फोटोत ही थरथर थरथर म्हणून दिसत नाही, सगळंच किंचित मऊ दिसतं, आणि नवखा माणूस फोकस चुकला असं समजून कॅमेऱ्याची सेटिंग बदलत बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. एका जागेवरून लागोपाठ दहा फोटो घ्यायचे आणि मोठे करून पाहायचे. प्रत्येकात पक्ष्याची कड वेगळ्या जागी वाकडी झालेली असेल तर दोष हवेचा आहे. त्यावर उपाय दोनच: लवकर येणं किंवा जवळच्या पक्ष्यांकडे वळणं. ऊन चढल्यावर ८० मीटरवरचे पट्टकादंब सोडून द्यावेत आणि बांधाच्या कडेला १० मीटरवर चिखल चाळणारा शेकाट्या बघावा. गाडीतून फोटो काढताना हीच चूक दारातच होते. एसीनं थंड झालेल्या गाडीची काच उघडली की आतली गार आणि बाहेरची उबदार हवा बरोबर लेन्सच्या तोंडाशी मिसळते. तलाव यायच्या पाच-दहा मिनिटं आधीच एसी बंद करून काचा खाली कराव्यात, आणि फोटो घेताना इंजिनही बंद ठेवावं.

जवळ जायचं म्हणजे चालत सुटायचं असं नाही, हे सगळ्यात उशिरा कळतं. पक्षी घाबरून उडायच्या बराच आधी त्याला आपली अडचण झालेली असते, आणि तो ती सांगतही असतो. आधी खाणं थांबतं. मग मान उंच होते आणि तो एका डोळ्यानं आपल्याकडे पाहतो. त्यानंतर अंग आपल्यापासून पलीकडे वळतं. काही पक्षी डोकं वरखाली करतात, बगळे-करकोचे कित्येकदा उडण्याच्या क्षणभर आधी शिटतात. मान उंच झाली त्याच पावलावर थांबायचं. खाली बसायचं, कॅमेरा मांडीवर ठेवायचा, नजर दुसरीकडे वळवायची. तो पुन्हा चरायला लागला की आपल्याला तिथं असायची परवानगी मिळाली असं समजावं. पुढचं पाऊल सरळ त्याच्या दिशेनं टाकू नये, तिरकं टाकावं, कारण रोखून सरळ येणारा प्राणी त्याच्या लेखी शिकारीच असतो. पण माझं मत विचाराल तर पावलं टाकण्यापेक्षा बसणं बरं. पक्षी चरत चरत ज्या दिशेला सरकतोय तिच्या पुढे १५-२० मीटरवर जाऊन बसावं आणि वीस मिनिटं काही करू नये. शेकाटे, धोबी, हळदी-कुंकू बदकं अशी स्वतःहून ८ मीटरवर येतात, आणि स्वतःहून आलेल्या पक्ष्याच्या फोटोत मान ताठ नसते, पिसं अंगाला चिकटलेली नसतात. घाबरलेला पक्षी फोटोत ओळखू येतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मी कधीच योग्य मानणार नाही. त्याला ते आपल्या हद्दीत घुसलेलं आव्हान वाटतं आणि हिवाळ्यात साठवलेली ताकद त्यापायी खर्ची पडते.

आता दुसरं अंतर, पक्ष्याच्या मागचं. नवख्याच्या फोटोंमध्ये सगळ्यात मोठी सुधारणा मला इथंच दिसते आणि ती फुकट आहे. टिटवी घ्या. ती उघड्या जमिनीवर उभी आहे, तुमच्यापासून ८ मीटरवर. तिचा डोळा जमिनीपासून अंदाजे २५ सेंटिमीटर उंच. तुम्ही उभे आहात आणि कॅमेरा १.६ मीटर उंचीवर आहे. कॅमेऱ्यातून निघून तिच्या डोळ्यावरून गेलेली सरळ रेषा तिच्यामागे दीड मीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे फोटोत तिच्या डोक्यामागे दीड मीटरवरची ढेकळं, वाळकं गवत, प्लास्टिकची पिशवी हे सगळं जवळजवळ स्पष्ट दिसणार. आता जमिनीवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून नव्हे तर पार झुकून, कॅमेरा ४० सेंटिमीटरवर आणा. तीच रेषा आता तिच्यामागे १३ मीटर जाऊन जमिनीला टेकते. ढेकळं धुरकट होतात, पिशवी रंगाचा एक डाग होऊन विरघळते, आणि टिटवीच्या डोळ्यापुढची तांबडी मांसल गाठ एकटी उठून दिसते. लेन्स तीच, ऊन तेच. फक्त कॅमेरा १ मीटर २० सेंटिमीटर खाली आला.

म्हणून खाली बसायची तयारी घरून करून जावी. पातळ चटई किंवा फाटकं पोतं, आणि एक बीनबॅग. ही विकत मिळते, पण घरी शिवलेली जास्त चांगली. जुन्या जीन्सचा पाय मांडीकडच्या भागातून ३५ सेंटिमीटर लांब कापायचा. एक टोक आतून दुहेरी टाक्यांनी शिवायचं, दुसऱ्या टोकाला चेन. आत दीड-दोन किलो तांदूळ किंवा मूग एका पातळ कापडी पिशवीत घालून मग भरायचे, म्हणजे चेन उसवली तरी बांधावर सांडणार नाहीत. भरताना दोनतृतीयांशच भरायचं. ठासून भरलेली पिशवी लोडासारखी कडक होते आणि लेन्स तिच्यावरून घरंगळते. सैल पिशवीत लेन्स रुतते आणि बाजूचे दाणे तिला दोन्हीकडून धरून ठेवतात. वाळू भरू नये, विणीतून बारीक कण निघून झूमच्या कड्यात जातात. थर्माकोलचे मणी हलके म्हणून मोह होतो, पण तेवढ्या वजनानं काहीच स्थिर राहत नाही. ही पिशवी गाडीच्या अर्ध्या काचेवर, दगडावर, जमिनीवर कुठेही चालते, आणि जमिनीवर ठेवली की कॅमेरा आपोआप टिटवीच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. पावसात भिजली तर तांदूळ काढून वाळवावे लागतात, नाहीतर आत आंबतात.

जवळ आल्यावर एक नवीन अडचण सुरू होते. ३०० मिमी, लेन्सचं छिद्र एफ ६.३, पक्षी ८ मीटरवर: स्पष्ट दिसणारा पट्टा पुढेमागे मिळून साधारण १८ सेंटिमीटरचा. तोच पक्षी ४ मीटरवर आला तर पट्टा साडेचार सेंटिमीटर. एवढ्यात खंड्याचा डोळा आणि चोच बसते, शेपटी बसत नाही. कॅमेरा स्वतःच्या मर्जीनं जवळची वस्तू पकडतो, आणि ती असते पंखाची कड किंवा पुढचं लव्हाळं. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवायचा किंवा कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करायची, आणि फोकस सतत चालू राहणाऱ्या प्रकारात ठेवायचा. डोळा स्पष्ट असेल तर बाकीचं मऊ चालतं. डोळा मऊ असेल तर फोटो काढून टाकावा. इथं हळवं होऊ नये.

शटरचा वेग हा भाग थोडक्यात सांगून संपतो. हात स्थिर ठेवण्यापुरतं ३०० मिमीला या सेन्सरवर १/५०० सेकंद लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ते खाली आणू शकतं, पण ते फक्त तुमचा हात थांबवतं, पक्ष्याची मान थांबवत नाही. चरणाऱ्या पक्ष्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२००० आणि छोट्या चपळ पक्ष्याला त्याहूनही जास्त. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० झाला तर होऊ द्यावा. त्यामुळे फोटोत आलेला रव्यासारखा दाणेदारपणा नंतर बऱ्यापैकी निघतो, हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरनं जुळत नाही. आणि लेन्सवर दोन-तीनशे रुपयांचा संरक्षक फिल्टर लावला असेल तर तो आधी काढून पाहावा. लांब लेन्सचा फोटो विनाकारण मऊ येत असेल तर कितीतरी वेळा दोषी तोच असतो.

वारकरी हा पक्षी शिकण्यासाठी मला सगळ्यात चांगला वाटतो. वढवाण्याला तो हिवाळ्यात पुष्कळ असतो, म्हणून कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. काळाभोर, लाल डोळ्यांचा, आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढरा टिळा. हे नाव त्याला ज्यानं दिलं त्यानं पक्षी नीट पाहिला होता. या एका पक्ष्यात उजेडाचा पूर्ण धडा आहे. कॅमेरा सगळ्या दृश्याला मध्यम करडं करायला बघतो. काळा पक्षी आणि गडद पाणी दिसलं की तो फोटो उजळवतो, आणि टिळा जळून नुसता पांढरा कागद होतो. कॅमेऱ्यातली उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे दोनतृतीयांश स्टॉपवर आणायची (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप), फोटोत जळालेली जागा लुकलुकून दाखवणारी सूचना चालू करायची, आणि टिळा लुकलुकायचा थांबेपर्यंत कमी करत जायचं. काळ्या पिसांतला तपशील कॅमेऱ्याच्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलमधून नंतर वर काढता येतो. जळालेल्या पांढऱ्यातून काही निघत नाही. गडद पाण्यावरच्या मोठ्या बगळ्याला हेच, बहुधा उणे एक. पण तोच बगळा उडून पांढुरक्या आकाशावर गेला की सगळं उलटतं, तिथं अधिक एकपासून सुरुवात करावी लागते, नाहीतर पंखाची खालची बाजू राखेसारखी येते. हे हाताला बसेपर्यंत तलावावर जाऊच नये असंही म्हणता येईल. बडोदा शहरातल्या कमाटीबागेत सकाळी हिरवळीवर कावळा आणि गायबगळा एकाच जागी मिळतात. १८७९ पासून ती बाग सगळ्यांना उघडी आहे आणि तिथले कावळे माणसाला ५ मीटरपर्यंत येऊ देतात. आठवडाभर रोज अर्धा तास एवढाच गृहपाठ.

वारकरी उडतानाही शिकवतो. त्याला हळदी-कुंकू बदकासारखं जागेवरून उठता येत नाही. तो पाण्यावर पाय आपटत, पंख मारत बरंच अंतर धावतो आणि मग हवेत चढतो, आणि ही धाव वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला असते. बहुतेक पाणपक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच उठतात आणि उतरतात. त्यामुळे वारा आपल्या पाठीवर असेल तर पक्षी आपल्याकडे तोंड करून येतात. वारा तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो आणि सकाळचा सूर्य आग्नेयेला. पाण्याच्या पूर्वेकडच्या अंगाला उभं राहिलं तर दोन्ही साधारण पाठीशी येतात. धावणाऱ्या वारकऱ्याला धरायचं तर तो चौकटीच्या मागच्या भागात ठेवावा, पुढे पाण्यावर धावायला जागा सोडावी, आणि तो हलायच्या आधीपासून कॅमेरा त्याच्यावर असावा. मात्र तो धावावा म्हणून दगड टाकणं, हात हलवणं, ओरडणं हे करू नये. गरुड किंवा घार वरून फिरली की सगळा थवा आपणच उठतो. दिवसातून दोन-चारदा हे होतंच, तेवढी वाट पाहावी. सयाजीरावांच्या राज्यात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, तो मुख्यतः या थव्यांमुळे.

आतापर्यंत अंतर कमी करण्याबद्दल बोललो. बडोद्यात एक प्राणी असा आहे की ज्याच्यापाशी हे सगळं उलटं करायचं. विश्वामित्री नदीतली मगर भर शहरात, पुलांखाली, हिवाळ्यात ऊन खायला काठावर येते, आणि डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढायचा धडा शिकलेल्या माणसाला काठाखाली उतरायचा मोह होतो. उतरू नये. पाण्याच्या कडेला अजिबात जाऊ नये. दिसणारी मगर काठावर आहे म्हणून न दिसणारी पाण्यात नाही असं होत नाही, आणि गढूळ पाण्यात ती हातभर अंतरावरही दिसत नाही. फेब्रुवारीपासून माद्या काठच्या मातीत अंडी घालतात आणि घरट्याजवळ राखण करतात, तेव्हा तर काठापासून आणखी लांब राहावं.

इथं लांब जाणं हीच युक्ती आहे. पुलाचा कठडा पाण्यापासून १० मीटर उंच धरला आणि मगर २० मीटरवर असेल तर आपण तिच्याकडे २७ अंशातून खाली पाहतो. फोटोत पाठ आणि चिखल येतो, मगरीचा जीव येत नाही. तीच मगर ६० मीटरवर असेल तर हा कोन साडेनऊ अंशांवर येतो आणि जबड्याची रेषा, दातांची ओळ, बाहेर आलेला डोळा बाजूनं दिसायला लागतो. पुलाखालची मगर सोडून पुढच्या वळणावरची निवडावी. मगर मोठी असल्यानं पिक्सेलही पुरतात: ३ मीटरची मगर ६० मीटरवर चौकटीचा दोनतृतीयांश भाग घेते. आणि लांबच्या अंतराचा एक फायदा असा की ४० मीटरवर एफ ८ ला स्पष्टतेचा पट्टा साडेपाच मीटरचा होतो, त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत सगळी मगर त्यात बसते. फोकस तरीही डोळ्यावरच. पुलावर ट्रायपॉड लावू नये. बस गेली की पूल थरथरतो आणि ट्रायपॉड ती थरथर इमानानं कॅमेऱ्यात पोचवतो. हातात धरावं, १/८०० च्या वर राहावं, आणि रहदारीतली पोकळी पाहून बटण दाबावं. पाठीमागून वाहनं जातात, म्हणून पदपथ असलेली बाजूच निवडावी. तोंड उघडं ठेवून पडलेली मगर बहुतेक वेळा चिडलेली नसते, ती अंगातली उष्णता सांभाळत असते. अशी ती कितीतरी वेळ हलत नाही, तेव्हा घाईचं काही कारण नसतं. उजेड डोळ्यात चमकेल अशा क्षणासाठी थांबावं.

मगरीपाशी आणखी एक गोष्ट सुचते. प्राणी चौकटभर मोठा आला म्हणजे फोटो चांगला, हे सुरुवातीचं मोजमाप आहे. पण विश्वामित्रीचं खरं वैशिष्ट्य हेच की मगरीच्या मागे शहर आहे. लेन्स ७० मिमीवर आणावी, मगर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात लहान ठेवावी, वर पुलाची कमान, त्यावरची स्कूटर. असा फोटो हिंदुस्थानात फार थोड्या शहरांत मिळेल. त्यात मगर लहान असली तरी तिच्या भोवतीची जागा मोकळी असावी, म्हणजे नजर तिच्यापाशी थांबते. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर झाडांवर महिनोन्महिने लटकणारा मांजा आणि त्याच फांदीवर बसलेला काळा शराटी पक्षी, हाही वन्यजीवाचाच फोटो आहे. फक्त मांज्यात अडकलेला पक्षी दिसला तर कॅमेरा खाली ठेवून आधी मदत बोलवावी.

एक वही मात्र खिशात असावी. फोटोच्या फाइलमध्ये शटर, आयएसओ, लेन्स सगळं आपोआप नोंदलं जातं, अंतर बहुधा नोंदलं जात नाही. पक्ष्याचं नाव, वेळ, किती पावलांवर त्यानं मान वर केली, किती पावलांवर वळला, किती वेळानं पुन्हा चरायला लागला, एवढंच लिहायचं. हळदी-कुंकवाचा आकडा वेगळा निघतो, पाणकावळ्याचा वेगळा, आणि रोज माणसं फिरतात त्या बांधावरच्या बगळ्याचा आकडा शेतातल्या बगळ्यापेक्षा कितीतरी कमी. पुढच्या नोव्हेंबरात कुठं थांबून खाली बसायचं ते या वहीतूनच कळतं. मार्चमध्ये पाहुणे पक्षी परतले की वहीचं नवं पान टिटवीचं. तेव्हा ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसत असल्यानं आपल्याला दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली की तिच्या पानावर पावलं मोजत बसायचं नाही. आलेल्या पावलांनीच मागं फिरायचं, खाली बघत, कारण दुसरं घरटं वाटेत असू शकतं.